दादाची संत्र्याची कुलपी

शेंदूरजनाघाटात नत्थुजी माळ्याचं घर विचारलंत तर समोरचा आधी विचारील, "कोनता नत्थुजी? कुलपीवाला का?" तुम्हाला वाटेल, हा माणूस कुलपी विकतो. छे हो! उभ्या जन्मात त्यानं एक कुलपी कोणाला विकली असेल तर शपथ. संत्र्याची बाग आणि संत्र्याची कलमं, हा त्याचा धंदा. कुलपी तो वर्षातून एकदाच करायचा, मृगबहाराची, म्हणजे मृगात फुललेली, शेवटची फळं झाडावरून उतरली की. गल्लीतलं जे कोणी ओट्यापाशी येईल त्याच्या हातात काडीसकट द्यायचा. तरी नाव तेच पडलं.

नत्थुजी माझा सख्खा मोठा भाऊ. मी लीला, अमरावतीला मुलींच्या शाळेत मास्तरीण. घरचे मला 'मास्तरीणबाई' म्हणून चिडवतात आणि मी चिडते, हेही खरं. दादाला कुलपी कशी सुचली हे लोक मला विचारतात, तेव्हा मी सांगते की पहिल्यांदा केली त्या वर्षी त्याला कुलपीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला त्याची लेक घरी हवी होती, तीही निदान महिनाभर.

दादा बारीक अंगाचा, गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात पांढरी बंडी, आणि हातात लोटा. लोट्याशिवाय हा माणूस मी पाहिलेला नाही. माळ्याच्या जातीला पाण्याचा हात असतोच, पण दादाचा जरा जास्तच. बाजाराला निघालेल्या मेथीच्या जुड्यांवर पाणी, शेवंतीच्या पाटीवर पाणी, कलमांच्या मुळाशी बांधलेल्या गोणपाटावर पाणी, रांजणाभोवतीच्या फडक्यावर पाणी. उन्हाळ्यात तर अंगणात वाळत घातलेल्या लुगड्यावरही शिंपडून गेला होता एकदा. वयनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कौसल्यानं, विचारलं, "अवो, थे वाळाले टाकलं हाये ना?" तेव्हा म्हणाला, "सुकलेलं दिसलं मून मारलं." डोळ्यापुढं काही सुकताना त्याला बघवतच नाही. शेंदूरजन्यात सगळ्यात गार पाणी कोणाच्या घरचं, असं विचारलं तर भांडखोर माणूससुद्धा नत्थुजीचं नाव घ्यायचा.

आणि नेमकं पाण्यावरूनच त्याच्या लेकीचं माहेर तुटलं.

वच्छला त्याची एकुलती एक. तिला दिली अकोला जिल्ह्यात, तेल्हाऱ्याजवळच्या हिवरखेडला. मुलगा सूर्यभान चांगला, घरी थोडी शेती. सासरा नाही, घरात फक्त सासू, सुभद्राबाई. लग्न लागलं वैशाखात, आमच्याच दारी. ऊन असं की मांडवाच्या खांबाला हात लावता येईना. वऱ्हाड यायच्या सकाळीच आमचा मोठा रांजण तडकला. सगळं पाणी अंगणभर झालं. घाईगर्दीत कोणीतरी लोखंडी पिंपात पाणी भरून मांडवात ठेवलं. विहीणबाई गाडीतून उतरल्या, पहिला घोट घेतला आणि सगळ्यांदेखत थुंकल्या. "पानी देऊन राहिले का चहा?" असं त्या म्हणाल्या, तेही असा आवाज चढवून की वाजंत्रीवाल्यांनी वाजवणं थांबवलं.

दादानं पगडी काढून त्यांच्या पायापाशी ठेवायची तेवढी बाकी ठेवली. पण विहीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. लग्न झालं, लेक गेली, आणि मग दोन वर्षं आलीच नाही. दोन दिवाळ्या गेल्या, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, गेली. आमच्याकडं आखाजीला गावातल्या एकूणएक सासुरवाशिणी माहेरी असतात, घरोघरी झोके बांधतात. दादानं दरवेळी पत्र टाकलं आणि दरवेळी एकच उत्तर आलं: तुमच्याकडे पाणी गरम असते, सुनेला सोसणार नाही.

मी म्हटलं, "दादा, मी जाते हिवरखेडला आणि त्या बाईला चार शब्द ऐकवून येते." दादा म्हणाला, "लीले, तू चार आयकवशीन, थे वच्छीले चाळीस आयकवीन. तू बस गुमान." मी बसले. गुमान नाही, पण बसले.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडात नवं मंत्रिमंडळ आलेलं होतं आणि शाळेत आमच्याकडून रोज नवे तक्ते भरून घेत होते. मी चैत्रात अशीच तक्ते भरत बसले असताना दादा दारात उभा. शेंदूरजन्याहून अमरावती काही जवळ नाही, वरुडपर्यंत दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, आणि पुढं मोटर. मी घाबरले. त्यानं बंडीच्या खिशातून पोस्टकार्ड काढलं. विहीणबाईंनी कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. आखाजीच्या सुमारास वरुडला त्यांच्या नात्यातलं लग्न आहे, जाताना एक मुक्काम तुमच्याकडे करू, वच्छला सोबत आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन निघू. कळावे.

"एक रात," दादा म्हणाला. "दोन वर्साच्या बाद एक रात." मग पोस्टकार्ड घडी करून ठेवलं आणि हळूच म्हणाला, "तेवढ्यात ईनबाईचं मन वळलं तं वच्छी राहीन. नाई वळलं तं मंग कदीच नाई."

"मग तोंड उघडून माग ना लेकीला!"

"लेकीच्या बापानं मांगाचं नसते." झालं. आमच्याकडची रीत तशीच आहे, देतील तर घ्यायचं. या रितीला माझा जीव वैतागतो, पण दादा मोडायचा नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी अंबादेवीच्या रस्त्याला घेऊन गेले. तिथं एक म्हातारे मियाँ हातगाडीवर कुलपी विकायचे. दादानं जन्मात बर्फ पाहिला नव्हता. पहिला तुकडा तोंडात घातला आणि दोन्ही हातांनी गाल धरले. मग डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं. "लीले, दात वाजले माये." उरलेली कुलपी त्यानं खाल्लीच नाही, हातात धरून बघत बसला, ती वितळून कोपरापर्यंत ओघळली. मियाँसाहेबांना त्यानं शंभर प्रश्न विचारले. बर्फ कुठून येतो, डब्या कशाच्या, दुधाऐवजी संत्र्याचा रस घातला तर जमेल का. म्हातारा हसला. "सब जमता है भाऊ, मगर बरफ में खडा नमक डालना. नमक के बगैर कुछ नहीं." मिठानं थंड होतं, हे ऐकून दादा चक्रावलाच.

घरी येताना तो म्हणाला, "ईनबाईले हेच देऊ. संत्र्याची कुलपी. साऱ्या अकोला जिल्ह्यात कोनं देल्ली नसन."

त्या क्षणापासून त्याला दुसरं काही सुचेना. डबे करणाऱ्याकडून त्यानं पत्र्याचे चोवीस शंकू करून घेतले, वर झाकणं. बांबूच्या कमच्या तासून त्यांच्या काड्या केल्या आणि त्यावर काच फिरवून गुळगुळीत केल्या, ईनबाईच्या जिभेला कूस लागायला नको. विहिरीजवळच्या तीन झाडांचा मृगबहार त्यानं व्यापाऱ्याला दिलाच नाही. व्यापारी म्हणाला, पिकून गळून जाईल. दादा म्हणाला, गळू दे. वैशाख लागेपर्यंत त्या झाडांना त्यानं लेकरासारखं जपलं.

बर्फ आणायचं काम माझ्याकडं आलं. अमरावतीत कारखाना होता, मिळत होता. मी दोन दिवसांची रजा टाकली, पाहुणे यायच्या दिवशी भल्या सकाळी अर्ध्या मणाची लादी घेतली, भुशात घोळून दोन पोत्यांत गुंडाळली आणि पहिल्या मोटरीत बसले. काय सांगू त्या प्रवासाचं! मोर्शीपर्यंत अख्ख्या मोटरीला कळलं होतं की मास्तरीणबाईंच्या पायाशी बर्फ आहे. एका बाईनं बाळाचा पाय लावून बघितला. एकजण म्हणाला, "बाई, थोडासा फोडून द्या ना, डोस्क्यावर ठेवतो." मी असे डोळे वटारले की तो वरुडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

वरुडला दादा दमणी घेऊन उभा होता, सोबत सालदार सहदेव, वर्षाच्या बोलीवरचा गडी. अकराच्या सुमारास आम्ही घरी पोचलो. पोतं उचलून पाहिलं तर निम्म्याहून बरंच जास्त शिल्लक होतं. चोवीस कुलप्यांना पुरून उरलं असतं. मला इतका आनंद झाला की मी दादाच्या पाठीवर थाप मारली. त्याला बजावलं, "हे पोतं आतल्या खोलीत सावलीत ठेव. झाकलेलं ठेव. उघडून बघू नको. तीन वाजता आपण डब्या लावू." तो म्हणाला, "हाव." रात्रभर मला झोप नव्हती. आंघोळ केली, दोन घास खाल्ले आणि आडवी झाले ती डोळाच लागला.

जाग आली तेव्हा तीन वाजत आले होते. ओसरीवर वयनी संत्र्याच्या फोडी सोलत बसली होती. एकेक फोड घेऊन तिची साल काढायची, बी काढायची, पांढरा धागा काढायचा. साल किंवा बी पिळली गेली की रस घटकाभरानं कडू होतो. शेंदूरजन्यात शेंबडं पोरगंही हे जाणतं. घमेलंभर गर तयार होता. मी म्हटलं, "दादा कुठाय?"

"बर्फापाशी. जेवलेबी नाई, बसलेच हाये तथी."

मी आतल्या खोलीकडं गेले तर उंबऱ्यातच माझा पाय ओला झाला. खोलीतून पाण्याची धार निघून मागच्या दारानं बाहेर चालली होती. दादा पोत्यापाशी उकिडवा बसला होता, एका हातात लोटा, दुसऱ्या हाताच्या ओंजळीनं पोत्यावर पाणी मारत होता. शांतपणे, देवाला घालावं तसं. चेहऱ्यावर इतकं समाधान की क्षणभर मला काही कळेचना.

"दादा! हे काय करतोस?"

"पोतं सुकून चाललं होतं," तो म्हणाला. "म्या घडीभरबी सुकू देल्लं नाई."

"कितीदा मारलंस पाणी?"

"मोजलं नाई वो. पन रांजनातलं थंडंच मारून राहिलो, गरम नाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जे काही बोलले ते लिहायला नको. पाण्यानं बर्फ वितळतो हे चौथीच्या पोरींना कळतं, तुला कळत नाही, माळ्याचा माळीच राहिलास, हे त्यातलं त्यातल्या त्यात बरं. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते. सावलीत ठेव म्हणाले होते मी, झाक म्हणाले होते, उघडू नको म्हणाले होते. पाणी मारू नको हे म्हणाले नव्हते. कसं सुचणार? आणि त्याला तरी कसं कळणार? जन्मभर जे जे म्हणून थंड, ताजं, जिवंत ठेवलं ते त्यानं ओल्या गोणपाटानं आणि लोट्यानंच ठेवलं होतं. त्यानं चार तास बसून स्वतःच्या हातांनी, मोठ्या प्रेमानं, तो बर्फ वितळवला होता.

पोतं सोडलं. भुशाच्या चिखलात दोन नारळांएवढा तुकडा उरला होता. दादानं तो पाहिला आणि लोटा खाली ठेवला. "मंग आता वच्छी..." एवढंच म्हणाला. मी माझा राग तिथंच गिळला. त्याचं ते तोंड बघून कोणाला रागावता आलं असतं?

वयनी आली, तिनं बघितलं, पदर खोचला. "हाये तेवढ्यात होईन थे करा," ती म्हणाली. "भांडाले उद्याचा दिवस पडला हाये." आमच्या वयनीला शाळा नाही, पण वेळेला तिचंच डोकं चालतं.

बर्फ फोडला, छोट्या माठात थर घातला, वर खडे मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. पाच डब्या मावल्या, चोवीसातल्या पाच. त्यांत साखर घातलेला रस भरला, कमच्या खोचल्या, झाकणाची तोंडं कणकेनं लिंपली. माठावर गोधडी गुंडाळली आणि मी नि वयनी आळीपाळीनं तो माठ डावीउजवीकडे फिरवत बसलो. दादाला हात लावू दिला नाही. तो लांबून बघत होता आणि त्याचे हात शिवशिवत होते. मी म्हटलं, "लोटा दूर ठेव." वयनी खुदकन हसली, मग तोही हसला, पण मनातून नाही.

पाचाच्या सुमाराला सहदेव वरुडहून पाहुण्यांची दमणी घेऊन आला. आधी उतरली वच्छला. दोन वर्षांत पोर भरली होती, अंगावर हिरवं लुगडं, नाकात नथ. तिनं बापाच्या पायाला हात लावला आणि तिथंच वाकून राहिली, उठेचना. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मग उतरल्या विहीणबाई. उंच, काळ्यासावळ्या, कपाळ रिकामं, आणि चालणं असं की अंगणच त्यांच्या मालकीचं. वयनीनं पाय धुवायला पाणी दिलं, दादानं वाळा घातलेलं रांजणातलं पाणी प्यायला दिलं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्यांनी तो रिकामा करून खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ऊन लय हाये बाप्पा तुमच्याकडं." बरं नाही, वाईट नाही. मी मनात म्हटलं, म्हातारे, तुला काय जातंय दोन शब्द बरे बोलायला!

मी वच्छलेला स्वयंपाकघरात ओढलं आणि विचारलं, "खरं सांग, सासू त्रास देते का?"

"नाई वो आत्या," ती म्हणाली. "माया डोक्याले तेल लावून देते. हे तं महिन्यातले वीस रोज अकोल्याच्या कापसाच्या जिनात कामाले राहते. घरात आमी दोघीच. मी विहिरीवर गेली तरी दारात उभी राहून वाट पाहते." मी म्हटलं, मग धाडत का नाही? वच्छलेनं मान हलवली. "इचारलं तं बोलत नाई. पान्याचंच सांगते."

उन्हं कलली तेव्हा वयनीनं माठ उघडला. कणीक काढली, डबी दोन तळव्यांमध्ये घोळवली आणि काडी ओढली. बाई गं! नारिंगी रंगाची अखंड कुलपी काडीला धरून बाहेर आली, अंगावर पांढरी वाफ. दादानं पितळी ताटलीत ती ठेवली, दोन्ही हातांनी धरून ओसरीवर नेली आणि विहीणबाईंपुढं धरली. "ईनबाई, आपल्या बागीतलं हाये. घ्या."

त्यांनी काडी धरली, उलटीपालटी करून बघितली आणि मोठा थोरला घास तोडला.

"माय वो! भाजलं!" त्या ओरडल्याच. एक हात तोंडावर, डोळ्यांत पाणी. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, आता हेही थुंकणार. पण त्या थुंकल्या नाहीत. तोंडातल्या तोंडात घास इकडून तिकडे फिरवला आणि गिळला. मग पुन्हा तोडला, या वेळी लहान. मग आणखी. वच्छलेनं दुसरी घेतली होती आणि ती हसत हसत काडी चाटत होती. बापाकडं बघून मान डोलावत होती.

कुलपी अर्धी झाली तेव्हा विहीणबाईंचं लक्ष गेलं. तिसरी मी खात होते. चौथी आणि पाचवी ताटलीत तशीच होती, विहीणबाईंना पुन्हा वाढायला ठेवलेली. दादा आणि वयनी नुसते उभे.

"तुमी काहून नाई खाऊन राहिले?" त्यांनी विचारलं. आवाज बदलला होता. यजमानानं पाहुण्याला वाढावं आणि स्वतः तोंडाला लावू नये, म्हणजे त्यात काही तरी काळंबेरं, नाहीतर पाहुण्याला हलकं लेखणं. दादा म्हणाला, "आमाले नाई आवडत." खोटं त्याला जन्मात कधी बोलता आलेलं नाही, तेव्हाही आलं नाही. विहीणबाईंनी काडी ताटलीत ठेवून दिली. मला दिसलं, आता घडी विस्कटणार. मग माझ्यानं राहवलं नाही.

"नाही आवडत काय!" मी म्हटलं. "अर्ध्या मणाची लादी आणली होती मी अमरावतीहून, चोवीस कुलप्या होणार होत्या. या शहाण्यानं दुपारभर बर्फाच्या पोत्यावर पाणी मारलं. सुकेल म्हणून! उरल्या बर्फात पाचच झाल्या. म्हणून खात नाही तो."

दादानं मान खाली घातली. "हाव ईनबाई," तो म्हणाला, "माया हातानं चूक झाली."

विहीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग दादाकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "कायची चूक? बर्फाले पानी नाई माराचं?"

"नाही मारायचं. पाण्यानं तो वितळतो."

"वा! वैशाखाचं ऊन, पोत्यात बांधलेलं, अन् पानी नाई माराचं? मंग थंड राहीन कसं?"

"कोरडंच ठेवायचं असतं, भुशात."

"कोरडं!" त्या अशा म्हणाल्या की मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले. "कोन सांगतलं तुमाले? शाळेत हेच शिकवता का? इवाई, तुमी बराबर केलं. म्याबी मारलंच असतं पानी. म्या तं पोतं टाक्यातच बुडवलं असतं." आणि त्या हसायला लागल्या. खांदे हलवून, पदर तोंडाला लावून, ठसका लागेपर्यंत. दादाही हसायला लागला, वयनी हसली, वच्छी तर जमिनीवर बसली. माझ्याच भावाच्या घरात, माझ्या खर्चानं आणलेल्या बर्फावरून, सगळ्यांनी मिळून मलाच मूर्खात काढलं. मला राग यायला हवा होता, पण दादाला इतकं हसताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. उरलेल्या दोन कुलप्या विहीणबाईंनी स्वतःच्या हातानं दादाला आणि वयनीला दिल्या आणि खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिल्या.

पण लेकीचं काही निघेना. जेवणं झाली, बोलणं झालं, कापसाचं झालं, अकोल्याच्या जिनाचं झालं, लग्नाकार्याचं झालं. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा दादानं डोळ्यांनी गप्प केलं. मागायचं नसतं!

सकाळी दमणी जुंपली. वच्छलेनं तिचं गाठोडं बांधलं, कारण राहा असं तिला कोणी म्हणालंच नव्हतं. वयनीनं तिची ओटी भरली आणि आत निघून गेली. दादानं संत्र्यांची पाटी दमणीत ठेवली, ती सारखी केली, पुन्हा सारखी केली, आणि करायला काही उरलं नाही तेव्हा बैलाच्या शिंगावर हात ठेवून तोंड फिरवून उभा राहिला. विहीणबाई चढून बसल्या. वच्छलेनं चाकावर पाय ठेवला.

"थांब," विहीणबाई म्हणाल्या. "गाठोडं खाली ठेव."

वच्छलेला कळेना. त्या समोर बैलांकडं बघतच बोलल्या, आमच्याकडं पाठ होती. "इवाई, पान्याचं निमित्त होतं. पानी कोनाचं गरम नसते वैशाखात? लेक अकोल्याले, अन् घरात हे एकच पोरगी. हे गेली का मी भिताडाशी बोलत बसते. मून नाई धाडलं दोन वर्सं. माया मनात पाप होतं, तुमच्या पान्यात नाई." मग घसा खाकरून म्हणाल्या, "ठेवून घ्या तिले. पोळ्यालोक ठेवा, तीन-चार महिने. चाल रे सहदेव."

वच्छला गाठोडं घेऊन तिथंच उभी. सहदेवानं कासरा उचलला. आणि माझ्या भावानं, ज्यानं दोन वर्षं तोंड उघडून काही मागितलं नव्हतं, पुढं होऊन बैलाची वेसण धरली.

"ईनबाई, उतरा."

"काहून?"

"तुमीबी राहा. लग्नाले इथूनच जाऊन या."

"येडे झाले का इवाई? सुनेच्या माहेरी कोनी राहते का? लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू दे. मी सांगतो लोकाइले."

विहीणबाई तेव्हा वळल्या. "माय मेली तवा मी सात वर्साची होती," त्या म्हणाल्या. "मले आजलोक कोनं 'राहा' म्हनलं नाई."

"मी म्हनून राहिलो ना," दादा म्हणाला.

त्या उतरल्या. वच्छलेनं हात दिला, त्यांनी तो धरला आणि दोघी ओसरीवर गेल्या. दमणी जुंपलेलीच होती आणि माझी रजा त्या दिवशी संपत होती, म्हणून वरुडची मोटर गाठायला मीच तिच्यात चढून बसले. निघताना ऐकलं, दादा ओसरीवर विचारत होता, "ईनबाई, न्याहारीले काय करू सांगा."